सायकलने कामावर जाताना स्वतःची सुरक्षितता कशी तोलावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलने कामावर जाऊ लागलेल्या, किंवा जावे की नाही या विचारात असलेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे अधिक सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, काही देशांत उजव्या. म्हणून येथे 'कडेची बाजू' आणि 'मधली बाजू' असे शब्द वापरले आहेत.

1. सायकलने रोज कामावर जाणे मुळात सुरक्षित आहे का?

कोणत्या रस्त्याने, किती वाजता आणि कशा पद्धतीने सायकल चालवली जाते यावर उत्तर ठरत असल्यामुळे एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही सरासरी चित्र माहीत असावे. ब्रिटनमधील 2,30,000 हून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2020 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारीने किंवा सार्वजनिक वाहनाने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांना दुखापतीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका त्यात 45 टक्के अधिक आढळला. संशोधकांनी मांडलेला हिशेब असा आहे : 1,000 माणसे 10 वर्षे सायकलने कामावर गेली, तर दुखापतीमुळे रुग्णालयात दाखल होण्याच्या सुमारे 26 घटना वाढतील आणि त्यांपैकी 3 जणांना आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ तेथे राहावे लागेल, त्याच 10 वर्षांत कर्करोगाची 15 निदाने, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या 4 घटना आणि 3 मृत्यू कमी होतील.

सायकल चालवणारे मुळातच अधिक निरोगी असण्याची शक्यता अशा निरीक्षणात्मक अभ्यासात पूर्णपणे वगळता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. पण तराजूची दोन्ही पारडी एकाच वेळी दाखवणारा हा हिशेब मला कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

2. फायदा एवढा मोठा असेल, तर धोक्याची चर्चा करायचीच कशाला?

कारण सरासरी माणूस कोणत्याच रस्त्यावरून जात नाही. तुम्ही तुमच्या रस्त्यावरून जाता. नेदरलँड्समधील परिस्थितीवर बेतलेल्या 2010 च्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की, छोट्या अंतरासाठी मोटार सोडून सायकल घेणाऱ्याचे आयुर्मान 3 ते 14 महिन्यांनी वाढेल आणि वाहतूक अपघातांच्या वाढीव धोक्यामुळे ते 5 ते 9 दिवसांनी घटेल. हा हिशेब ज्या देशाचा आहे तेथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आहेत आणि मोटार चालवणारे बहुतेक जण स्वतःही सायकल चालवतात. जेथे तसे नाही, तेथे हेच प्रमाण गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

शिवाय दोन्ही पारड्यांतील गोष्टी एका जातीच्या नाहीत. आरोग्याचा लाभ वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने जमा होतो, तर अपघात एका क्षणात घडतो. व्यायाम दुसऱ्या मार्गानेही मिळवता येतो. गमावलेला हात किंवा डोळा मिळवता येत नाही. म्हणून 'एकंदरीत फायदाच आहे' या वाक्यावर थांबू नये. धोका सायकल या वाहनात एकसारखा पसरलेला नसतो. तो मार्गावरील ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी साचलेला असतो. या पानावरील बहुतेक उत्तरे त्या जागा आणि वेळा शोधण्यासाठी आहेत.

3. एका ठिकाणी सायकल धोकादायक म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित. आकडे इतके वेगळे कसे?

भागाकार कशाने केला आहे ते आधी पाहावे. दर किलोमीटरमागे अपघात मोजले की सायकल वाईट दिसते, कारण मोटारीचे अनेक किलोमीटर दोन शहरांमधल्या सरळ, दुभाजक असलेल्या मार्गांवर जातात. दर तासामागे किंवा दर फेरीमागे मोजले की ही दरी कमी होते. कामावर जाणाऱ्याने दर फेरीमागचा आकडा पाहणे अधिक योग्य, कारण त्याची फेरी ठरलेली असते. सायकलस्वारांच्या संख्येचाही परिणाम होतो : 2003 मध्ये संशोधक पीटर जेकबसन यांनी अनेक शहरांच्या व देशांच्या माहितीवरून दाखवले की, चालणाऱ्यांची किंवा सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर वाहनांकडून होणाऱ्या दुखापती दुप्पट होत नाहीत, सुमारे एक-तृतीयांशाने वाढतात. म्हणजे प्रत्येकाचा वैयक्तिक धोका घटतो. ही संख्या एकट्याने वाढवता येत नाही, पण जेथे इतर सायकलस्वार आधीपासून जातात तो मार्ग निवडता येतो.

4. माझ्या मार्गाचा धोका मी स्वतः कसा मोजू?

पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी सकाळी, घाई नसताना, संपूर्ण मार्ग सायकलने जाऊन पाहावा. दुसऱ्यांदा तो कामाच्या वेळेलाच पाहावा, मात्र शक्य असल्यास चालत किंवा बसमधून, म्हणजे नजर रस्त्याचे निरीक्षण करायला मोकळी राहते. परत आल्यावर मार्गाचे पाच-सात तुकडे करून प्रत्येकाबद्दल काही गोष्टी लिहून काढाव्यात.

सर्वात आधी वाहनांचा प्रत्यक्ष वेग, फलकावर लिहिलेला नव्हे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या वाहनाची ऊर्जा ताशी 30 ने येणाऱ्या त्याच वाहनाच्या जवळजवळ 2.8 पट असते. तुमच्या आणि त्यांच्या वेगात फरक जितका मोठा, तितका तुम्हाला स्वतंत्र जागेची गरज अधिक. त्यानंतर अवजड वाहने किती आहेत ते पाहावे. मग चौक, गल्ल्यांची तोंडे, पेट्रोलपंप आणि आवारांची प्रवेशद्वारे, म्हणजे जेथे जेथे कोणीतरी तुमची वाट ओलांडू शकतो त्या सर्व जागा मोजाव्यात. उभ्या केलेल्या मोटारींची रांग, रस्त्याचा पृष्ठभाग आणि संध्याकाळचा उजेड यांचीही नोंद करावी. शेवटी एक प्रश्न प्रत्येक तुकड्यासाठी स्वतःला विचारावा : येथे ऐन वेळी काही चुकले, तर सायकल वळवायला मला मोकळी जागा कोठे आहे? कठडा, उंच पदपथ किंवा भिंत यांच्यात अडकवणारा अरुंद पूल म्हणूनच वाईट.

ही यादी केल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की, संपूर्ण मार्ग धोकादायक नसतो. दोन किंवा तीन जागा असतात. त्या जागांसाठी वळसा, वेळेत बदल, किंवा सरळ उतरून सायकल हातात घेऊन पदपथावरून चालणे, यांपैकी एक उपाय ठरवून टाकावा. शंभर मीटर चालण्यात जेमतेम एक मिनिट जादा जाते. पुढच्या महिन्याभरात जेथे जेथे थोडक्यात बचावलो असे वाटेल, ती जागा व वेळ वहीत नोंदवत राहावे. एकाच जागेची तिसरी नोंद झाली, तर तो योगायोग समजू नये.

5. जवळचा पण वर्दळीचा रस्ता घ्यावा की लांबचा पण शांत?

बहुतांशी शांत रस्ता घ्यावा. दोन किलोमीटर अंतर वाढले, तर ताशी 15 किलोमीटरच्या सहज वेगाने आठ मिनिटे जादा लागतात. शांत रस्ता जर आंधळ्या वळणांचा, दर वीस पावलांवर गल्ली फुटणारा असेल, तर मात्र तो दिसतो तितका सुरक्षित नसतो, कारण तेथे वाहने कमी असली तरी कोणाचेच लक्ष नसते. रात्री निर्मनुष्य होणाऱ्या वाटांबद्दल प्रश्न 14 पाहावा. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असला पाहिजे असेही नाही.

6. रस्त्याच्या अगदी कडेने चालवणे सर्वात सुरक्षित नाही का?

हा समज सर्वात खोलवर रुजलेला आहे आणि माझ्या मते सर्वात घातकही. अगदी कडेला माती, काचा, गटारांच्या जाळ्या आणि खड्डे असतात. ते चुकवण्यासाठी तुम्ही अचानक मधल्या बाजूला येता आणि मागच्या चालकाला त्याची कल्पना नसते. गल्लीतून बाहेर येणारा चालक रस्त्याच्या मुख्य भागाकडे पाहत असतो, त्यामुळे कडेला चिकटलेली सायकल त्याला उशिरा दिसते. लेन अरुंद असताना कडेला राहिलात, तर मागच्याला वाटते की त्याच लेनमधून पुढे निघता येईल, आणि तो कट मारून जातो.

नेहमीसाठी कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावे. उभ्या मोटारींच्या रांगेपासूनही किमान एक मीटर, शक्य असल्यास थोडे अधिक अंतर ठेवावे, कारण अचानक उघडलेले दार तेवढी जागा व्यापते. दोन उभ्या मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नये. बाहेर येताना तुम्ही नव्याने प्रकट होता. जेथे लेन इतकी अरुंद आहे की सुरक्षित अंतर ठेवून कोणालाही पुढे जाता येणार नाही, तेथे, चौकाच्या आधी आणि छोट्या वर्तुळाकार चौकात लेनच्या मधोमध यावे. मधे येण्यापूर्वी मागे वळून पाहावे, हात दाखवावा, आणि जागा रुंद झाल्यावर पुन्हा बाजूला व्हावे.

किती अंतर पुरेसे मानावे याचा अंदाज कायद्यांवरून येतो. फ्रान्समध्ये सायकलला मागे टाकताना वस्तीत 1 मीटर आणि वस्तीबाहेर 1.5 मीटर अंतर ठेवावे लागते. जर्मनीत 2020 पासून हेच अंतर अनुक्रमे 1.5 आणि 2 मीटर आहे.

7. मागून गाडी येऊन धडकेल अशी मला सतत भीती वाटते. ती कितपत खरी आहे?

शहरात मोटार आणि सायकल यांची टक्कर प्रामुख्याने चौकात आणि वळणांवर होते. मागून येणारे वाहन दिसत नाही म्हणून त्याची भीती मोठी वाटते, आणि समोरून वळणारे दिसते म्हणून ते निरुपद्रवी वाटते; खरी परिस्थिती बहुधा उलट असते. वस्तीबाहेरच्या वेगवान, अंधाऱ्या रस्त्यांवर मात्र मागून बसणारी धडक विरळ असली तरी बहुधा जीवघेणी असते. तेथे भीती योग्यच आहे आणि तिचे ऐकून मार्ग बदलावा.

चौकाबद्दल एक बारकावा सांगण्यासारखा आहे. बाजूने येणारे वाहन आणि तुम्ही दोघेही स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे जात असाल, तर ते वाहन तुमच्या नजरेच्या चौकटीत सरकत नाही, एकाच जागी हळूहळू मोठे होत राहते. चालकाच्या बाजूनेही तसेच घडते, आणि तुम्ही त्याच्या मोटारीच्या पुढच्या काचेलगतच्या खांबाआड असलात, तर शेवटच्या क्षणापर्यंत तेथेच राहू शकता. असे सरकत नसलेले वाहन दिसताच वेग बदलावा. थोडा कमी केला तरी तुम्ही त्या खांबाआडून बाहेर येता. चालकाने डोळ्याला डोळा दिला म्हणजे त्याने पाहिलेच, असे समजू नये. त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक फिरू लागले की नाही यात शंका उरत नाही.

8. ट्रक आणि बस यांच्याजवळून जाण्याचा काही नियम आहे का?

एकच, आणि त्याला अपवाद करू नये : सिग्नलला उभ्या असलेल्या किंवा सावकाश चाललेल्या अवजड वाहनाच्या कडेच्या बाजूने पुढे सरकू नये. कडेकडे वळताना लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याला घासत जातात. नेमका तोच पट्टा चालकाला सर्वात कमी दिसतो. वळणापूर्वी काही ट्रक आधी मधल्या बाजूला झुकतात, तेव्हा कडेला जागा झाल्यासारखी वाटते. तो सापळा आहे. युरोपीय संघात 2022 पासून नव्या प्रकारच्या अवजड वाहनांना न दिसणाऱ्या कोपऱ्यातील सायकलस्वाराची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली आहे, पण रस्त्यावरील जुनी वाहने दीर्घकाळ धावत राहतात.

ट्रकच्या मागे, आरशात चालकाचा चेहरा दिसेल अशा जागी थांबावे. सायकल मार्गाची पट्टी तुम्हाला ट्रकच्या कडेने पुढे नेत असेल, तरीही मागेच थांबावे. रंगवलेली पट्टी तुमचे रक्षण करत नाही.

9. पदपथावरून, किंवा समोरची वाहने दिसावीत म्हणून उलट दिशेने, चालवले तर?

उलट दिशेने कधीही जाऊ नये. गल्लीतून बाहेर पडणारा चालक ज्या दिशेने वाहने येतात त्याच दिशेला पाहतो. तुम्ही त्याच्या पाठीकडून येता. अमेरिकेतील पालो आल्टो शहराच्या माहितीवर आधारलेल्या 1994 च्या अभ्यासात वाहतुकीच्या उलट दिशेने जाणाऱ्यांचा धोका योग्य दिशेने जाणाऱ्यांच्या 3.6 पट आढळला. पदपथाची अडचणही याच स्वरूपाची आहे : प्रत्येक प्रवेशद्वार हा एक छोटा चौक ठरतो, आणि चालणाऱ्यांना तुम्ही इजा करू शकता ती वेगळीच. जेथे कायद्याने पदपथावर सायकलला परवानगी आहे, तेथेही चालण्याच्या वेगानेच जावे.

10. हेल्मेटचा खरोखर किती उपयोग होतो?

हेल्मेटला त्याचे योग्य स्थान द्यावे, कमीही नको आणि जास्तही नको. युरोपीय मानकानुसार चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला 5.42 मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटले जाते. साधारण दीड मीटर उंचीवरून डोके खाली आदळण्याएवढा हा आघात आहे. म्हणजे सायकलवरून पडण्याच्या प्रसंगाशी त्याची रचना चांगली जुळते. भरधाव ट्रकशी होणाऱ्या टकरीसाठी ते बनवलेलेच नाही. जखमी सायकलस्वारांवरील 40 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळली. पण हेल्मेट अपघात टाळत नाही. ते अपघात झाल्यानंतर कामाला येते.

सक्तीबद्दल देशादेशांत मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये जगात सर्वप्रथम हेल्मेट सर्वांना बंधनकारक केले, तर नेदरलँड्समध्ये साध्या सायकलसाठी सक्ती नाही आणि बहुसंख्य प्रौढ ते घालत नाहीत. या वादात तुमची बाजू कोणतीही असो, स्वतःपुरते उत्तर सोपे आहे : घालावे. ते कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे आणि पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट असावा की जांभई देताना हेल्मेट खाली ओढले जाईल. एकदा जोराचा आघात बसला की बाहेरून तडा दिसत नसला तरी ते बदलावे, कारण आतला फोम एकदाच दबतो.

11. भडक रंगाचे जॅकेट घ्यावे की दिव्यांवर खर्च करावा?

दोन्हींचे काम वेगळे आहे. फ्लुरोसंट पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसाच्या उजेडातील अतिनील किरणांवर उजळतो, रस्त्यावरच्या दिव्यांखाली त्याचे तेज जवळजवळ नाहीसे होते. परावर्तक पट्टी उलट फक्त समोरच्या वाहनाचा दिवा तिच्यावर पडल्यावरच चमकते. चमकपट्टी पाठीवर लावण्यापेक्षा घोट्यांना आणि पेडलांना लावणे अधिक परिणामकारक असते, कारण वर-खाली होणारी हालचाल पाहताच चालकाला 'हा माणूस आहे' हे ओळखू येते.

डेन्मार्कमध्ये सुमारे 6,800 सायकलस्वारांवर पिवळ्या जॅकेटची चाचणी घेतली गेली. जॅकेट घालणाऱ्यांनी दुसऱ्या वाहनाशी वा व्यक्तीशी झालेले अपघात बरेच कमी नोंदवले. परंतु एकट्याने पडण्याचे अपघातही त्यांनी कमी नोंदवले, आणि जॅकेटमुळे माणूस घसरायचा थांबत नाही. म्हणजे नोंदवण्यातच काही पक्षपात झाला होता. संशोधकांनी ही त्रुटी वजा केल्यानंतर घट 38 टक्क्यांच्या आसपास उरली, आणि तीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा संध्याकाळ होण्यापूर्वीच लावावा. मागचा दिवा एक जादा असावा, कारण तो विझल्याचे चालवताना कळत नाही. सूर्य खाली असताना आपली सावली पाहावी : ती ज्याच्या दिशेने पडते, त्या चालकाच्या डोळ्यांत ऊन असते. सावली पुढे लांब पडली असेल, तर समोरून वळणाऱ्यांना तुम्ही दिसत नाही; मागे पडली असेल, तर मागून येणाऱ्यांना. असे जॅकेटही त्या वेळी फारसे मदतीला येत नाही.

12. पावसात चालवावे का?

चालवता येते, पण सवयी बदलून. दीर्घ कोरड्या काळानंतरच्या पहिल्या सरीत तेल आणि धूळ वर येते, त्यामुळे ती सर्वात निसरडी. मॅनहोलची झाकणे, रंगवलेले पट्टे, ओली पाने आणि ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ यांवर वळू नये आणि ब्रेकही दाबू नये. रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत. पाण्याने भरलेल्या डबक्याची खोली कळत नसते, म्हणून त्यातून न जाता, मागे पाहून, वळसा घ्यावा. मोटारीशी संबंध नसलेले, एकट्याने पडण्याचे अपघात लोक क्षुल्लक समजतात. नेदरलँड्समध्ये रुग्णालयात जावे लागणाऱ्या सायकलस्वारांपैकी बहुतेकांच्या अपघातात मोटार नसतेच.

13. रोज निघण्यापूर्वी काय तपासावे आणि थांबायला किती अंतर लागते?

हवा, ब्रेक, साखळी, दिवे : अर्ध्या मिनिटात होते. टायर अंगठ्याने दाबावा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी, साखळी कोरडी किंवा ढिली नाही ना ते पाहावे, पँटची कड आणि पिशवीचे पट्टे चाकात जाणार नाहीत याची खात्री करावी. जड सामान पाठीवर घेण्याऐवजी कॅरिअरवर खाली बांधावे, तोल सावरायला सोपे जाते.

ताशी 20 किलोमीटर वेगाने जाताना धोका ओळखून ब्रेकला हात घालेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात साडेपाच मीटर अंतर कापले जाते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे चार मीटर लागतात. ताशी 30 ला हीच बेरीज 17 मीटरपर्यंत जाते. जोरदार ब्रेक लावताना शरीराचे वजन पुढे सरकते, म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. तो टाळण्याची सवय अनेकांना असते, ती मोडावी : मोकळ्या मैदानात, वजन मागे घेऊन, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबण्याचा सराव करावा. वळणात मात्र वेग आधीच कमी केलेला असावा.

14. रात्री उशिरा एकटीने परतताना रहदारीपेक्षा माणसांचीच भीती वाटते. त्याचा विचार कसा करावा?

ही भीती रहदारीच्या भीतीइतकीच खरी आहे आणि तिला तराजूत स्थान मिळालेच पाहिजे. येथे 'शांत रस्ता चांगला' हे प्रश्न 5 मधले उत्तर उलटते : रात्री उजेड असलेला, दुकाने व माणसे असलेला, बाहेर पडायला अनेक वाटा असलेला रस्ता निवडावा, जरी त्यावर वाहने अधिक असली तरी. झाडीतून किंवा भुयारी मार्गातून जाणारी लांब वाट टाळावी. कोणत्या वाटेने आणि साधारण किती वाजता पोहोचणार हे एका विश्वासू व्यक्तीला कळवावे. कोणी पाठलाग करत आहे अशी शंका आली, तर घराकडे न वळता गर्दीच्या ठिकाणी जावे. सायकल दिवसा नेऊन रात्री वाहनाने परतणे हाही पूर्ण उत्तर असलेला पर्याय आहे. दोन्ही फेऱ्या सायकलनेच करण्याचे बंधन कोणीही घातलेले नाही.

15. धुरात खोल श्वास घेत जाणे हे व्यायामाचा लाभ घालवत नाही का?

श्वासाचे प्रमाण वाढते, त्यामुळे प्रत्येक मिनिटाला शरीरात जाणारे कणही वाढतात, हे खरे आहे. प्रश्न 2 मध्ये उल्लेख केलेल्या 2010 च्या अभ्यासात हवेच्या प्रदूषणामुळे आयुर्मानाचे होणारे नुकसान 0.8 ते 40 दिवस असे धरले होते, म्हणजे लाभापेक्षा तेही बरेच कमी. पण हवा अत्यंत खराब असलेल्या शहरात किंवा दमा व हृदयविकार असलेल्यांसाठी हे समीकरण बदलते. त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा. मुख्य रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत गेल्यावरच धुराचे प्रमाण लक्षणीय घटते. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही.

16. इलेक्ट्रिक सायकल घेतली तर सुरक्षितता वाढते की घटते?

दोन्ही घडू शकते. चढावर न डगमगता सरळ रेषेत जाता येते आणि सिग्नलनंतर लवकर गती घेता येते, हा लाभ. पण ती जड असते, आणि तुम्ही किती वेगाने येत आहात याचा इतरांचा अंदाज चुकतो. युरोपीय संघात ताशी 25 किलोमीटर वेगानंतर मोटरची मदत थांबते आणि मोटरची शक्ती 250 वॅटपर्यंत मर्यादित आहे. ही मर्यादा शहाणपणाची आहे. पहिले काही आठवडे कमी मदतीवरच चालवावे.

17. एखादा चालक अंगावर आला किंवा शिवीगाळ केली तर काय करावे?

बाजूला व्हावे, थांबावे, त्याला जाऊ द्यावे. तुमचे म्हणणे बरोबर असेल, पण तुमच्याकडे वीस किलोचे वाहन आहे आणि त्याच्याकडे दीड टनाचे. वाहनाचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून ठेवून नंतर पोलिसांकडे तक्रार करता येते. रागाच्या भरात पुढची दहा मिनिटे चालवलेली सायकलही धोकादायक असते, म्हणून पाणी पिऊन मगच निघावे. कान मोकळे असावेत. हेडफोन दोन्ही कानांत घालून चालवू नये.

18. मी पडलो, पण फारसे लागले नाही. तसेच कामावर जाऊ का?

आधी रस्त्याच्या बाहेर यावे आणि दहा मिनिटे बसावे, कारण धक्क्याच्या भरात वेदना जाणवत नाहीत. डोके आपटले असेल, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गोंधळलेले बोलणे, झोप अनावर होणे, हातापायातील अशक्तपणा किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांच्या आकारातील फरक, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालयात जावे. ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. दुसरे वाहन गुंतलेले असेल, तर क्रमांक, छायाचित्रे आणि साक्षीदारांचे संपर्क तेथेच घ्यावेत, जरी 'काही नाही, ठीक आहे' असे म्हणावेसे वाटत असले तरी. सायकलचा चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग), हँडल आणि चाक सरळ आहेत ना, ते पाहिल्याशिवाय चालवू नये.

19. घरचे म्हणतात, सोडून दे. माझे मलाही कळत नाही. सायकल कोणत्या दिवशी नेऊ नये?

घरच्यांना आकडे सांगून समजावण्यापेक्षा त्यांना तो मार्ग दाखवावा आणि प्रश्न 4 मध्ये सांगितलेल्या दोन-तीन जागी तुम्ही काय करता ते प्रत्यक्ष दाखवावे; बहुतेकांची काळजी त्याने आटोक्यात येते. तरीही एखादी जागा त्यांना नकोशी वाटली, तर ती पुन्हा तपासावी. रोज चालवणाऱ्याची नजर धोक्याला सरावते. नवख्याची सरावलेली नसते.

न नेण्याच्या दिवसांची यादी मी आधीच, शांत मनाने, लिहून ठेवली आहे, कारण उशीर झालेला असताना घेतलेला निर्णय नेहमी 'जाऊ या' असाच होतो. रात्री पाच तासांहून कमी झोप झाली असेल. आदल्या रात्री मद्य घेतले असेल आणि डोके जड असेल. झोप आणणारे औषध चालू असेल. बर्फ किंवा दाट धुके असेल. वाऱ्याने सायकल बाजूला ढकलली जात असेल. दोन्हींपैकी एक जरी ब्रेक नीट लागत नसेल. किंवा मन एखाद्या भांडणात वा दुःखात इतके गुंतले असेल की घरापासून पहिल्या चौकापर्यंतचा रस्ता कसा गेला ते आठवत नाही. हा शेवटचा निकष वाटेतच कळतो. तसे झाले, तर त्या चौकातच उतरून सायकल कुलूप लावून ठेवावी आणि बसने जावे.